वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि आतले टाके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनची तारीख ठरली की प्रश्नांचा नूर बदलतो. आधी ‘किती किलो उतरतील?’ असं विचारणारा माणूस हळूच ‘आतले टाके सुटले तर?’ यावर येतो. प्रश्न रास्त आहे. फक्त त्यामागे एक समज दडलेला असतो, की जितके जास्त टाके तितकं काम पक्कं. तसं नाही. प्रत्येक टाका एक धोका कमी करतो आणि दुसरा थोडासा वाढवतो. तो कुठे घालायचा याच्याइतकंच कुठे घालायचा नाही हे सर्जनला कळावं लागतं. खालची उत्तरं स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रियांना धरून दिली आहेत.

आत टाके असतात की स्टेपलरच्या पिना?

दोन्ही असतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि बाहीसारखी अरुंद नळी उरते. कापणं आणि शिवणं एकदमच होतं. स्टेपलरचा जबडा मिटला की पातं मधून जातं आणि दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या सहसा तीन-तीन ओळी बसतात. शिंप्याच्या भाषेत ही मशीनची टीप. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून तिला आतडं जोडतात, तिथे जोडही असतात. हाताचे टाके येतात ते मशीन पोहोचत नाही तिथे, किंवा मशीनवर पूर्ण विसंबता येत नाही तिथे : टिपेवर, आतड्यांच्या जोडावर, आतड्याच्या पडद्यातल्या फटींवर, आणि शेवटी पोटावरच्या छिद्रांवर.

पिना आयुष्यभर आत राहतात का? एमआरआय करता येतो का?

राहतात, आणि एमआरआय करता येतो.

स्लीव्हमध्ये स्टेपलरची टीप घातलेली असताना वरून पुन्हा टाके कशासाठी?

दोन कारणांसाठी : रक्तस्राव आणि गळती. या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा. तो एकत्र मांडला जातो, म्हणूनच सर्जन मंडळींत इतकी वर्षं वाद चालू आहे.

रक्तस्रावाचं चित्र बरंच स्पष्ट आहे. टिपेला वरून बळकटी दिली की रक्त कमी जातं. ही बळकटी टाक्यांनी देता येते, किंवा स्टेपलरच्या जबड्यावर विरघळणारी पट्टी चढवून. काही जण सगळ्या टिपेवर धावदोरा घालतात. काही जण टिपेची कड आत दुमडून वरून टाके घेतात, म्हणजे पिना दिसेनाशा होतात आणि जठराची बाहेरची गुळगुळीत बाजू गुळगुळीत बाजूला टेकते. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच सर्जन लांबेर यांनी आतड्यासाठी ती १८२६ मध्ये मांडली आणि आजही तो टाका त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

तिसरा गट म्हणतो, रक्त दिसेल तिथेच टाका घाला. माझा कल याच गटाकडे आहे. शेवटच्या टप्प्यात आम्ही भूलतज्ज्ञांना रुग्णाचा रक्तदाब थोडा वर आणायला सांगतो, कारण दाब कमी असताना गप्प बसलेली रक्तवाहिनी घरी जायच्या आत बोलू शकते. मग कॅमेरा टिपेवरून सावकाश फिरवायचा. कुठेतरी कडेवर मोहरीएवढा लाल थेंब दिसतो, पुसला की पुन्हा भरतो. तिथे इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एक टाका घेऊन गाठ मारली की काम होतं. त्यासाठी वीत-दीड वीत लांबीची सगळी टीप शिवत बसायची गरज प्रत्येक वेळी नसते.

गळतीच्या बाबतीत मात्र ‘टाके घातले म्हणजे गळती टळली’ असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. टाक्यांची किंमत मात्र नक्की मोजावी लागते. वेळ वाढतो. सुईच्या टोकानं भिंतीत रक्त साकळू शकतं. कड जास्त दुमडली तर आधीच अरुंद असलेली नळी आणखी आवळली जाते, विशेषतः जठर जिथे वळण घेतं त्या कोपऱ्यावर. म्हणूनच जठर मापात कापलं जावं म्हणून तोंडातून आत घातलेली मापाची नळी काढायच्या आधी टाके घेतात. ३६ फ्रेंच मापाची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं एकक) नळी बरोबर १२ मिलिमीटर जाड असते. ती आत असताना शिवलं की हात आपोआप आवरता राहतो.

गळती बहुतेक वेळा वरच्या टोकालाच का होते?

कारण तिथे तीन अडचणी एकत्र येतात. अन्ननलिका जठराला मिळते त्या कोपऱ्यात भिंत पातळ असते. त्या भागाचा रक्तपुरवठा ऑपरेशनमध्ये कमी होतो. आणि स्लीव्हच्या आत दाब जास्त असतो, कारण खालचं दार, म्हणजे जठर आणि आतड्यामधला झडपेसारखा स्नायू, जागेवरच असतो. नळी अरुंद, खालचं दार मिटलेलं, मग दाब जाणार कुठे? सर्वांत कच्च्या जागी.

त्यामुळे इथली खरी खबरदारी सुई हातात घ्यायच्या आधीच घ्यावी लागते. स्टेपलर अन्ननलिकेला चिकटून चालवायचा नाही, थोडी जागा सोडायची. खालच्या वळणावर नळी आवळायची नाही. पुढची आणि मागची भिंत सारखी ताणून धरायची, नाहीतर टीप मळसूत्रासारखी फिरते आणि नळीला पीळ बसतो. जठर खाली जाड आणि वर पातळ असतं, त्यानुसार पिनांची उंची बदलायची. जबडा मिटल्यावर काही सेकंद थांबायचं, म्हणजे भिंतीतलं पाणी दाबलं जाऊन पिना नीट वळतात. हे चुकलं तर वरचा टाका नुसतं ठिगळ ठरतो. अनुभवी हातांत गळतीचं प्रमाण शंभरात एक-दोन रुग्ण इतकं राहतं. ते शून्यावर आणणारा टाका अजून निघालेला नाही.

काही सर्जन ओमेंटम, म्हणजे जठरापासून मोकळा केलेला चरबीचा पदर, परत टिपेला टाचून ठेवतात. नळी जागेवर राहावी, तिला पीळ पडू नये हा त्यामागचा हेतू. पटण्यासारखा आहे. चार-पाच साधे टाके लागतात आणि त्यांनी नळी आवळली जात नाही.

टाका घट्ट ओढला तर जास्त पक्का बसेल ना?

उलट कच्चा बसेल. कापड निर्जीव असतं, जठराची भिंत जिवंत असते. ऑपरेशननंतर तिला सूज येते, आणि आज बरोबर वाटणारी गाठ सुजेनंतर फाशी होते. फाशी बसली की रक्त थांबतं, कड मरते, टाका मेलेल्या मांसातून चिरत बाहेर येतो. कडा एकमेकींना टेकाव्यात, आवळल्या जाऊ नयेत.

खोलीचंही तसंच. भिंतीला चार थर असतात आणि त्यांत ताकद असते ती आतल्या अस्तराखालच्या थराला. अमेरिकन सर्जन हॅल्स्टेड यांनी १८८७ मध्ये हे दाखवून दिलं. सुई त्या थरातून गेली नाही तर टाका दिसायला सुबक दिसेल, पण धरणार काहीच नाही. नवशिक्याचे टाके बाहेरून मोजून काही कळत नाही ते यामुळेच.

दोरा कोणता वापरतात? विरघळणारा की कायमचा?

जागेवर अवलंबून आहे. जठर आणि आतडं यांच्या जोडात विरघळणारा. पॉलिग्लॅक्टिनचा दोरा दोन-तीन आठवडे चांगला धरतो आणि सुमारे सत्तर दिवसांत नाहीसा होतो. पॉलिडायॉक्झॅनोन त्याहून जास्त टिकतो, पूर्ण जायला सहाएक महिने घेतो. जोड पहिल्या काही आठवड्यांतच भरून येतो. त्यानंतर दोऱ्याची गरज उरत नाही, उलट अडचण होते. जोडाच्या आत कायमचा दोरा उघडा पडला तर त्याच्याभोवती व्रण होऊ शकतो. पुढे एंडोस्कोपी करताना लाल, चिघळलेल्या कडेतून निळ्या दोऱ्याचं टोक लोंबताना दिसतं. कात्रीनं तो तुकडा काढला की काहींचं महिनोन्‌महिन्यांचं दुखणं थांबतं.

अर्थात असा व्रण दोऱ्यापेक्षा तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे जास्त होतो. धूम्रपान सोडलं नाही तर कितीही उत्तम दोऱ्यानं शिवलेलं असो, जोड चिघळण्याची भीती राहतेच.

आतड्याच्या पडद्यातल्या फटी बंद करायला मात्र न विरघळणारा दोरा लागतो. तिथे धोका पहिल्या आठवड्यात नसतो, वर्ष-दोन वर्षांनी येतो.

काटेरी दोरा म्हणजे काय? तो टोचत नाही का?

त्याच्या अंगावर सूक्ष्म काटे असतात. दोरा एका दिशेला सरकतो, मागे येत नाही, त्यामुळे गाठ मारावी लागत नाही. दुर्बिणीतून गाठी मारणं किचकट असतं, तिथे वेळ वाचतो आणि ताण सगळ्या शिवणीवर सारखा बसतो. याचा एकच दुर्गुण आहे, पण तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेवटी टोक लांब राहिलं तर ते शेजारच्या आतड्यात किंवा पडद्यात अडकून आतडं ओढून धरू शकतं आणि मार्ग बंद होतो. म्हणून एक-दोन टाके उलटे घेऊन टोक अगदी बुडाशी कापायचं.

बायपासमध्ये ‘खिडक्या बंद करणं’ म्हणजे काय?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानतो, आणि रुग्ण नेमका तोच विचारत नाहीत.

आपलं लहान आतडं पंख्यासारख्या पसरलेल्या पडद्याला टांगलेलं असतं. त्या पडद्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या येतात. बायपासमध्ये आतडं कापून त्याचं एक टोक वर जठराच्या छोट्या पिशवीला जोडतात आणि दुसरं खाली आतड्यालाच. या उचलाउचलीत पडद्यांमध्ये फटी तयार होतात. एक खालच्या जोडापाशी. दुसरी वर नेलेल्या आतड्याच्या मागे, मोठ्या आतड्याच्या पडद्यासमोर. हिला पीटरसनची जागा म्हणतात. जर्मन सर्जन पीटरसन यांनी या जागेत आतडं अडकतं हे १९०० मध्ये नोंदवलं, वजनाच्या शस्त्रक्रिया सुरू होण्याच्या कितीतरी आधी. आतडं मोठ्या आतड्याच्या पडद्याला भोक पाडून वर नेलं तर तिसरी फट होते.

ऑपरेशनच्या दिवशी या फटी चरबीनं भरलेल्या असतात, म्हणून निरुपद्रवी वाटतात. मग वजन उतरतं. पोटावरची चरबी जाते तशी पडद्यातलीही जाते, आणि बोटभर फटीची खिडकी होते. तिच्यातून आतडं पलीकडे सरकतं, पिळतं, कधी रक्तपुरवठाच तोडून बसतं. हा इंटर्नल हर्निया. गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास, ऑपरेशन जितकं यशस्वी तितकी ही खिडकी मोठी.

फटी शिवाव्यात का, यावर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनच्या १२ केंद्रांतला अभ्यास आला. २५०७ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं. तीन वर्षांत आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण फटी शिवलेल्यांत ५.५ टक्के, न शिवलेल्यांत १०.२ टक्के निघालं. म्हणजे जवळपास निम्मं. पण त्याच अभ्यासात पहिल्या महिन्यातल्या गंभीर गुंतागुंती शिवलेल्या गटात जास्त होत्या : ४.३ टक्के, तर दुसऱ्या गटात २.८. मुख्य कारण, शिवताना पडदा ओढला जाऊन खालच्या जोडाला बाक आला आणि वाट अडली. बागेतली पाण्याची नळी मुरगळते तसं.

मी यातून ‘शिवू नका’ असा अर्थ काढत नाही. शिवा, पण जोड वाकणार नाही असं शिवा. त्यासाठी साधी युक्ती आहे : जोडाच्या किंचित पुढे दोन्ही आतडी शेजारी-शेजारी ठेवून एक-दोन टाके घ्यायचे, म्हणजे जोड सरळ राहतो. ब्रोलिन या अमेरिकन सर्जननी १९९५ मध्ये हा टाका वर्णन केला. फट शिवताना सुरुवात मुळापासून करायची, टाके जवळ-जवळ घ्यायचे, आणि सुई फक्त वरच्या पातळ थरातून न्यायची. खोल गेली तर खालची रक्तवाहिनी फुटते, पडद्यात रक्त साकळतं आणि तेच आतडं दाबतं. काम कंटाळवाणं आहे. मुख्य ऑपरेशन संपलेलं असतं, सगळ्यांचे हात थकलेले असतात, आणि नेमकी हीच शिवण घाईत उरकायचा मोह होतो.

फटी शिवल्या होत्या, म्हणजे हा धोका संपला का?

कमी झाला, संपला नाही. चरबी उतरली की दोरा आहे तिथेच राहतो, पण त्याच्या मिठीतला पडदा बारीक होतो आणि शिवण सैल पडते.

एक रुग्ण आठवते. बायपासला दोन वर्षं झाली होती, वजन छान उतरलं होतं. जेवणानंतर डावीकडे वर कळ यायची, पुढे वाकून बसलं की कमी व्हायची. उलटी नाही, ताप नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक. दोन ठिकाणी तिला पित्ताची गोळी देऊन परत पाठवलं होतं. सीटी स्कॅनमध्ये पडद्याच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसल्या. दुर्बीण घातली तेव्हा आतड्यांचा नुसता गुंता होता, कुठलं कुठून आलं ते कळेना. अशा वेळी वरून सोडवायला जायचं नाही. लहान आतडं मोठ्याला मिळतं तो शेवटचा टोकाचा भाग शोधायचा आणि तिथून उलट्या दिशेनं वीत-वीत मोजत वर यायचं. तसं केल्यावर आतडं पीटरसनच्या जागेतून अलगद परत आलं. जुना दोरा तिथेच होता, दोन टाक्यांमध्ये तीन बोटं जातील एवढी फट पडलेली. आतडं गुलाबी होतं. आणखी एक दिवस गेला असता तर हे वाक्य वेगळं लिहावं लागलं असतं.

बायपासनंतर कितीही वर्षांनी अशी येऊन-जाऊन कळ आली तर ती अंगावर काढू नका. स्कॅन नॉर्मल आला तरी कळ थांबत नसेल तर दुर्बिणीतून बघणं योग्य ठरतं. गरोदरपणात विशेष सावध राहा, कारण वाढतं गर्भाशय आतडी वर ढकलतं आणि पोटदुखीचा दोष सहज गरोदरपणावर जातो.

जठराचा जोड हातानं शिवलेला चांगला की स्टेपलरनं केलेला?

सर्जनचा ज्यावर हात बसला आहे तो. गोल स्टेपलर लहान मापाचा, म्हणजे २१ मिलिमीटरचा असेल तर जोड पुढे आकसण्याचं प्रमाण २५ च्या मानानं जास्त दिसतं. आकसलाच तर बहुतेक वेळा एंडोस्कोपीतून फुग्यानं रुंद करता येतो.

ऑपरेशनमध्ये निळं औषध घालून तपासलं, गळती नव्हती. मग नंतर कशी झाली?

ती तपासणी त्या क्षणाची असते. निळं औषध असो, पाण्याखाली हवा भरून बुडबुडे बघणं असो, त्यातून राहून गेलेलं छिद्र सापडतं आणि तिथल्या तिथे टाका घालता येतो. पण स्लीव्हची बरीचशी गळती कडेचा रक्तपुरवठा हळूहळू कमी पडून होते, काही दिवसांनी, कधी घरी गेल्यावर.

घरी नाडी मोजायला शिका. आराम करत असताना नाडी १२० च्या वर राहत असेल तर ताप नसला, पोट फारसं दुखत नसलं तरी लगेच फोन करा. डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, कारण नसताना वाटणारी अस्वस्थता हीही त्याच घरातली लक्षणं. जाड पोटात गळती गुपचूप होते, हात लावून कळत नाही. नाडी सहसा लपवत नाही.

खोकल्यानं, उलटीनं, चुकून घास खाल्ल्यानं आतले टाके उसवतात का?

एका खोकल्यानं नाही. पण सततची उलटी नळीतला दाब वाढवते, आणि घाईत खाल्लेला घन पदार्थ तेच करतो. सुरुवातीचे आठवडे पातळ आहारावर ठेवतात ते वजनासाठी नव्हे, शिवण भरायला उसंत मिळावी म्हणून. उलट्या थांबतच नसतील तर टाक्यांइतकीच काळजी जीवनसत्त्व बी-१ ची करावी लागते. ते संपलं तर मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो, आणि ते इंजेक्शननं द्यावं लागतं.

स्लीव्हबरोबर हायटस हर्नियाचे टाके घालायचे म्हणाले. गरज आहे का?

छाती आणि पोटामधल्या पडद्यातली, अन्ननलिका जिथून खाली येते ती फट मोठी असेल तर आहे. स्लीव्हनंतर आम्ल वर येण्याचा त्रास वाढू शकतो. फट तशीच ठेवली तर तो आणखी वाढतो, आणि नळीही छातीत सरकू शकते. न विरघळणाऱ्या दोऱ्याचे दोन-तीन टाके पुरतात. फार आवळले तर गिळताना अडकतं.

पोटावरची छोटी छिद्रं शिवतात का?

कातडी सगळीकडे शिवतात. खालचा पक्का थर मात्र मोठ्या छिद्रांपुरता, साधारण १० मिलिमीटरच्या वरच्या, आणि ज्यातून कापलेलं जठर बाहेर काढलं त्याचा तर नक्कीच. चरबी जाड असली की हा थर खोल विहिरीच्या तळासारखा असतो. म्हणून दोरा ओवलेली लांब सुई बाहेरून घालून कॅमेऱ्यात बघत तो बंद करतात. जड उचलायला महिना-दीड महिना मनाई असते ती याच टाक्यांसाठी.

न कापता, तोंडातून दुर्बीण घालून टाके घेतात ते काय?

ती एंडोस्कोपिक स्लीव्ह. जठराच्या बाहेरच्या वळणावर आतून पूर्ण जाडीचे टाके घेऊन चुण्या पाडतात, जठर आखूड आणि अरुंद होतं. कापलेली कड नसते. अमेरिकेतल्या एका चाचणीत, जी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, वर्षभरात एकूण वजनाच्या सरासरी १३.६ टक्के घट दिसली. कापून केलेल्या स्लीव्हपेक्षा हे कमी आहे. जठराचा वरचा घुमट सहसा शिवत नाहीत : तिथली भिंत पातळ, पलीकडे प्लीहा आणि छातीचा पडदा, आणि सुई कुठे गेली ते आतून दिसत नाही.

ऑपरेशननंतर सर्जनकडून काय मागून घ्यावं?

ऑपरेशनच्या नोंदीची प्रत. डिस्चार्ज कार्ड वेगळं आणि ही नोंद वेगळी. त्यात कोणती शस्त्रक्रिया, किती मापाच्या नळीवर, टिपेवर टाके घातले का, कोणत्या फटी बंद केल्या, कोणत्या दोऱ्यानं, हे लिहिलेलं असतं. नसेल तर लिहून मागा. कागदाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला तो कुठे आहे ते दाखवा. पाच वर्षांनी भलत्याच गावात रात्री दोन वाजता कळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना ‘माझा बायपास झालाय’ एवढ्यावरून पीटरसनची जागा शिवलेली आहे की उघडी ते कळणार नाही. आणि नाकातून नळी घालायची वेळ आली तर वरची पिशवी केवढीशी आहे, हे त्यांना घालायच्या आधी माहीत असायला हवं.